समुद्र सगळ्यांचा, पण रविवार कुणाचा?

एका भगिनीचं पत्र आलं आहे. वय 58. माहेर खानापूरकडचं, सासर बेळगावात शहापूरला. यजमान निवृत्त झाल्यावर दोघांनी कारवारजवळ, काळी नदीच्या अलीकडे सदाशिवगडच्या बाजूला समुद्राकाठी लहानसं घर घेतलं. मुलगी पुण्यात, मुलगा बेंगळुरूत. पावसाळ्यात तिकडे कुणी फिरकत नाही. पण पाऊस ओसरला, समुद्र निवला की शनिवारी संध्याकाळी बेळगावच्या गाड्या दारात लागायला सुरुवात होते. दीर-जावा, नणंदा, त्यांची मुलं, यजमानांच्या ऑफिसातले मित्र, मित्रांचे जावई. रविवारी दुपारी जेवून, सोबत मासळी बांधून घेऊन मंडळी परततात. ताई लिहितात: "मला आश्विन-कार्तिकातला एक रविवार माझ्याच घरी, व्हरांड्यात, कुणाशी न बोलता घालवायचा आहे. गेल्या वर्षी नवरात्रात असा एक मिळाला होता. मासे बंद, म्हणून माणसंही आली नाहीत. तो दिवस मी अजून विसरले नाही. यांना मात्र त्या दिवशी घर खायला उठलं होतं. नणंदेशी एकदा हसत हसत विषय काढून बघितला, तर म्हणाली, तुला काय बाई, रोजचाच समुद्र आहे. आता मलाच वाटायला लागलंय, मी माणूसघाणी झाले की काय? यांना सांगितलं तर भांडण, नाही सांगितलं तर मार्चपर्यंत हेच. काय करू?" (ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.)

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र बरंच मोठं आहे, वर त्याचा सारांशच दिला. त्यात न घेतलेलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात. मला सुरुवात तिथूनच करायची आहे. तुम्ही लिहिलंय, "ओट्याशी उभं राहिलं की मागची पाण्याची टाकी नि फणसाचं झाड दिसतं." म्हणजे समुद्राकाठच्या या घरात स्वयंपाकघर मागच्या अंगाला आहे. रविवारी सकाळी सहाला गॅस पेटतो तो दुपारी दोनला विझतो. चहाच्या दोन फेऱ्या, पोहे, मग पुन्हा एकाला बिनसाखरेचा चहा, मासे, वाटण, भात, सोलकढी. या आठ तासांत तुम्हाला दिसते ती टाकी. "रोजचाच समुद्र" म्हणणाऱ्या नणंदबाई तेवढ्यात व्हरांड्यातल्या तुमच्याच खुर्चीत बसून तिसरा कप संपवत असतात. त्यांना काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही, असं तुम्ही लिहिता. मी तुमच्या जागी असते तर त्यांना हात धरून ओट्याशी नेलं असतं आणि म्हटलं असतं, बघा वन्सं, इथून केवढा दिसतो तो.

पण हे झालं उत्तराला उत्तर. तुमच्या प्रश्नाकडे येऊ.

तुम्ही विचारता, मी माणूसघाणी झाले का. त्याआधी एक गोष्ट स्वतःशी करून बघा. असं समजा, येत्या शनिवारी नेहमीचीच सात-आठ माणसं आली. पण येताना भाकऱ्या, झुणका, ठेचा घेऊन आली. रविवारी सकाळी चहा त्यांनीच केला, मासळी आणली, केली, भांडी घासली. तुम्ही सकाळपासून बाहेर बसलात, कुणी तुम्हाला हाक मारली नाही. तर चालेल का? पटकन "हो, चालेल की" असं आलं, तर तुम्हाला नको झालंय ते काम. आणि "तरीही नको, मला कुणाचा आवाजच नको" असं आलं, तर तुम्हाला एकांत हवा आहे. दोन्हीत गैर काहीच नाही. पण औषधं वेगळी आहेत. कामाचा भार वाटून घेता येतो. एकांत वाटून घेता येत नाही, तो मागूनच घ्यावा लागतो. तुमच्या पत्रात मला दोन्ही दिसतात, आणि तुम्ही ते एकाच गाठोड्यात बांधून "स्वार्थ" अशी चिठ्ठी वर लावली आहे. आधी ते सोडून दोन ढीग करा.

आता "मासे बंद, म्हणून माणसं आली नाहीत" या वाक्याबद्दल. ते वाचताना मला थोडं टोचलं. तुम्हीच पुढे लिहिलंय की देवघर शहापूरला थोरल्या दिरांकडे आहे. मग नवरात्रात त्यांच्या घरी घट असणार. घटाजवळचा दिवा अखंड ठेवायचा, रोज माळ चढवायची. कोण घर सोडून अणशी घाट उतरून येईल? मुलं पहाटे दुर्गामाता दौडीला जात असतील, बायका उपासाला असतील. मंडळी आली नाहीत याला बांगडा एवढंच कारण नव्हतं. मी हे त्यांची वकिली म्हणून सांगत नाही. पण "ही माणसं माझ्यासाठी येत नाहीत, माशासाठी येतात" असं एकदा मनात बसलं की प्रत्येक हाक, प्रत्येक "वहिनी, मीठ जरा कमीच पडलं" टोचायला लागतं. मग तुम्ही रविवार मागायला जाल तेव्हा आवाजात तोच राग येईल, आणि समोरचा मागणी ऐकणार नाही, राग ऐकेल. हं, दोन-तीन मंडळी केवळ माशासाठी येत असतील, तेही खोटं नाही. मित्रांच्या जावयांबद्दल मी शपथ घेणार नाही!

पाहुणचाराचा जो नियम तुम्ही अंगावर घेतला आहे, तो कुठून आला तेही जरा पाहू. शहापूरच्या ज्या घरात तुम्ही सून म्हणून आलात, तिथे पाहुणा कधीही आला तरी ताट वाढलं जाई, असं तुम्ही अभिमानानं लिहिता. खरंच अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या घरात सासूबाई, दोन चुलतसासवा, तीन जावा होत्या, हेही तुम्हीच लिहिलंय. एकीनं पीठ मळलं, दुसरीनं तव्यावर टाकलं, तिसरी पाटावरवंट्याशी. आलेली नणंद पिशवी ठेवून थेट चुलीकडे जायची. पुरुष बाहेर पानसुपारीत, ते मात्र तेव्हाही तसेच. नियम त्या घराचा होता, सहा-सात जोड हातांसाठी केलेला. आज तो दोन हातांवर चालवायचा म्हटलं तर हात मोडतील. तो जसाच्या तसा तुम्हाला या वयात एकटीनं ओढता येत नाही, यात सासूबाईंचा अपमान कुठे होतो?

आता यजमानांकडे वळू. पत्रात त्यांचा उल्लेख बहुतेक तक्रारीच्या सुरात आहे. फोन आला की तुम्हाला न विचारता ते म्हणतात, "या की! विचारायचं काय त्यात?" त्यावर माझं स्पष्ट मत आहे: जो माणूस ओट्याशी उभा राहणार नाही त्यानं ओट्याच्या वतीनं "या की" म्हणू नये. हे त्यांना सांगायलाच हवं. पण त्या नवरात्रातल्या रविवारी त्यांना घर खायला उठलं, हेही तितकंच खरं आहे. जन्म बेळगावात गेला. सकाळी खडेबाजारात चक्कर, संध्याकाळी कट्टा, वाटेत चार जणांचे रामराम. आता शेजारी कोकणी बोलणारे, दुकानात कन्नड, माणसं चांगली आहेत, हवापाणी चांगलं आहे, पण "काय रे, कवा आलास?" म्हणणारा कुणी नाही. आठवडाभर ते गप्प असतात, रविवारी त्यांचा आवाज दोन पट्ट्या वर जातो, असं तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला ज्या दिवसाची धास्ती वाटते, त्याच दिवसासाठी ते आठवडा काढतात. तुम्हाला जी शांतता सुखाची, ती त्यांना रिकामी वाटते. दोघांपैकी कुणी चुकीचं नाही. फक्त निवृत्तीनंतर समुद्राकाठी राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे घर घेताना दोघांनी एकमेकांना विचारलेलं दिसत नाही. पावसाळ्यानं ते झाकून ठेवलं, आश्विनात उघडं पडलं.

म्हणून माझी पहिली सूचना पाहुण्यांबद्दल नाहीच. बेळगावाहून लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशी उतरून जो रस्ता तुमच्या दारात येतो, तो तुमच्या दारातून बेळगावलाही जातो. तो एकाच बाजूनं वापरायचा असं कुणी ठरवलं? महिन्यातून एका शनिवारी यजमानांनी बेळगावला जावं. थोरल्या भावाकडे राहावं, रविवारी कट्ट्यावर बसावं, गणपत गल्लीत फिरावं, डॉक्टरांकडचं काही काम असेल ते उरकावं, सोमवारी परत यावं. चार तासांचा प्रवास आहे, तब्येत ठीक आहे असं लिहिलंत, गाडी चालवायची नसेल तर एसटी आहे. थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून इसवण नाहीतर कोळंबी सोबत द्या, म्हणजे मासळीही त्यांच्या दारी पोचेल आणि आठजण उठून इकडे येण्याचं एक कारण कमी होईल. त्यांना त्यांची माणसं मिळतील, तुम्हाला तुमचा रविवार. कुणाचं काही हिरावून घ्यायचं नाही.

"तो एकटाच आला, भांडलीत काय?" असं पहिल्या दोन वेळा विचारतील. विचारू देत. तिसऱ्या वेळी विचारणार नाहीत. रात्री एकटीला भीती वाटते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वाटत असेल तर शेजारच्या घरी आधी सांगून ठेवा, बाहेरचा दिवा चालू ठेवा. त्यासाठी एखादी पुतणी सोबतीला बोलवू नका. ती आली की तिच्यासाठी काहीतरी गोड करायला तुम्ही पुन्हा ओट्याशी उभ्या राहणार, तुम्हाला मी आता चार पानांपुरती ओळखते.

दुसरा मार्ग म्हणजे दोघांनी घरात राहूनच महिन्याचा एक रविवार राखायचा. हा अवघड आहे, कारण त्या दिवशी यजमान घरात येरझाऱ्या घालतील आणि त्यांचं मन रमवणं हे तुमचं नवं काम होईल. तरी करायचा असेल तर त्यांना त्या दिवशी बाजाराला पाठवा. कारवारला आठवड्याचा बाजार रविवारीच भरतो. पूल ओलांडून गेले की दोन-तीन तास आरामात जातात, माणसं भेटतात, घासाघीस होते. ती त्यांची करमणूक, तुमची नाही, म्हणून "येतेस का?" म्हटलं तर मोह आवरा.

तिसरा मार्ग तुमच्या पत्रातच आहे: "आम्ही पुण्याला मुलीकडे चाललोय असं सांगू का?" नको. एक तर खोटं बोललेलं टिकत नाही. भाच्यानं फोन केला आणि मागे लाटांचा आवाज आला की संपलं. दुसरं म्हणजे असं सांगितल्यानं तुम्ही स्वतःच मान्य करता की घरात असून कुणाला न बोलावणं ही लपवायची गोष्ट आहे. आणि सगळ्यांना कायमचं बंद करणं, हाही मार्ग नव्हे. तसं तुम्हाला नकोय, पत्रभर भाच्यांची नावं किती प्रेमानं घेतली आहेत तुम्ही.

सांगायचं कसं? व्हॉट्सॅपवरच्या घरगुती गटात टाकू नका. तिथे एकजण अंगठा दाखवेल, एकजण रडका चेहरा टाकेल, आणि रात्री उरलेल्या जणी एकमेकींना फोन करतील. दसऱ्याला सोनं द्यायला शहापूरला जाता, तेव्हा सगळे समोर असतात. तेव्हा यजमानांनी सांगावं, तुम्ही नाही. नाती त्यांच्या बाजूची आहेत आणि आजवर "या की" त्यांनीच म्हटलंय. शब्द साधे ठेवावेत: "या की, कधीही या. फक्त महिन्यातला दुसरा रविवार आम्ही आमच्यासाठी ठेवलाय. घरातच असतो, पण त्या दिवशी कुणाला बोलवत नाही." बस. कारण द्यायचं नाही. गुडघे दुखतात, बीपी आहे असं कारण दिलं की कुणीतरी तेल सुचवेल, कुणीतरी मदतीला म्हणून मुक्कामालाच येईल. घरच्या कालनिर्णयावर दुसऱ्या रविवारभोवती पेनानं गोल करा आणि कोजागरी, दिवाळी, एक नोव्हेंबरची सुट्टी कुठे येते तेही आधीच बघून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी "एवढ्या वेळी चालवून घे" होणार नाही. झालंच तर गोल पुढच्या रविवारी सरकवा, पण पुसू नका.

बाकीच्या रविवारी पाहुणे येणारच. त्यांच्यासाठी काही गोष्टी ठरवून टाका आणि न लाजता सांगा. शनिवारचं रात्रीचं जेवण येणाऱ्यांनी बेळगावाहून आणायचं. भाकरी, सुकं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, हे प्रवासात टिकणारं जेवण आहे आणि समुद्राकाठी ते चवीलाही काही वेगळंच लागतं. मासळी आणायला पुरुषांनी जायचं आणि तिथेच साफ करून, तुकडे करून घ्यायची. बाजारात चार पैसे घेऊन हे काम करून देणाऱ्या बायका असतात, तुमच्यापेक्षा चौपट वेगानं करतात. घरात आणून विळी मांडून बसायचं नाही. जेवणात एक आमटी, एक तळलेली तुकडी, भात, कढी. तिसऱ्यांचं सुकं, कोळंबीचं लोणचं, शिवाय मुलांसाठी वरण, शिवाय गुरुवार पाळणाऱ्या काकांसाठी… काका गुरुवार पाळतात ना? मग रविवारी त्यांना वेगळं कशाला? आणि नारळ खवायला बसवायचं ते सगळ्यात मोठ्या पुतण्याला. इंजिनिअर आहे म्हणता, खोवणीची रचना त्याला लगेच कळेल. निघायची वेळही सांगा: तीन वाजता. त्यांचा परतीचा रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून आणि घाटातून जातो, तो उजेडातच पार केलेला बरा. हे कारण खरं आहे, सोयीचंही आहे.

आता तुमच्या त्या एका रविवारबद्दल. वाचून मला वाटलं की त्या दिवशी काय घडलं ते तुम्हाला पुरतं कळलेलं नाही, म्हणून सांगते. तुम्ही लिहिता, "सकाळी पेज खाऊन बसले. वारा नव्हता. पाणी हलत नव्हतं म्हटलं तरी चालेल. एक होडी किती तरी वेळ तिथेच होती. मग साडेदहाच्या सुमाराला व्हरांड्यावरचा टॉवेल हलला आणि मला कळलं की मी दोन तास बसले होते." यात दैवी काही नाही, हे आश्विनातल्या किनाऱ्याचं घड्याळ आहे. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा तोवर ओसरलेला असतो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. ऊन चढून जमीन तापली की तो उलटतो आणि समुद्रावरून घरात येतो. ही अदलाबदल होते त्या मधल्या वेळात, साधारण आठ ते साडेदहा, वारा पडलेला असतो आणि पाण्यावर सुरकुती नसते. तुम्हाला मिळालेली शांतता ही होती. ती रविवारीच येते असं नाही. निरभ्र हवेच्या कुठल्याही सकाळी येते, आणि पाहुण्यांच्या रविवारीही येते. फक्त तेव्हा तुम्ही पोह्याला फोडणी घालत असता.

म्हणून हे मी तुम्हाला सगळ्यात आग्रहानं सांगेन: पाहुणे असोत वा नसोत, रविवारी आठ ते दहा तुम्ही स्वयंपाकघरात नसाल. पोहे भिजवून ठेवा, फोडणी ज्याला भूक लागली तो घालेल. खुर्ची व्हरांड्याच्या टोकाला ओढा. कुणी येऊन बसलं तर बसू द्या, बोललं तर "हं" म्हणा. पहिल्या रविवारी सगळे तुम्हाला बरं नाही असं समजतील, कपाळाला हात लावून बघतील. हरकत नाही.

आणखी एक सोय किनाऱ्यानं करून ठेवली आहे. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते, म्हणजे या रविवारी सकाळी ज्या वेळी भरती, त्याच वेळी पुढच्या रविवारी ओहोटी. ओहोटीची सकाळ असेल त्या रविवारी पाहुण्यांना मुलांसकट किनाऱ्यावर लांब चालायला पाठवा. ओल्या वाळूवर चालायला सोपं पडतं, मुलं शिंपले वेचत रमतात, दोन तास परत येत नाहीत. भरतीच्या रविवारी त्यांना सदाशिवगडावर चढवा. तिथून काळी नदी समुद्राला मिळते ते दिसतं, आणि जोयड्याकडून येताना आपण जिच्या खोऱ्यातून उतरलो ती हीच, हे मुलांना दाखवता येतं. कोजागरीला मात्र जपा. पौर्णिमेला उधाणाची भरती असते आणि पाणी मध्यरात्रीच्या आसपास चढतं, नेमकं तुमची मंडळी मसाला दूध घेऊन वाळूत बसलेली असतात तेव्हा. भांडी अंगणातच ठेवा, चंद्र तिथूनही दिसतो.

एक इशाराही देते. रिकामा रविवार मिळाला की तो भरून टाकायचा हात तुमचाच असेल. आश्विन म्हणजे दिवाळीच्या आधीचे दिवस. माळ्यावरचे डबे, गाद्यांना ऊन, चकलीची भाजणी, सगळं त्याच दिवशी आठवेल. यजमान बेळगावला, घर मोकळं, "तेवढ्यात जाळ्या काढून घेते" म्हणाल आणि संध्याकाळी कंबर धरून मला दुसरं पत्र लिहाल. जाळ्या सोमवारी काढा. जेवायला सकाळचीच पेज, लोणच्याची फोड, फार तर एक पापड. फोन आत ठेवा. मुलगी पुण्याहून रविवारी अकराला फोन करते, तिला आदल्या दिवशीच सांगा की या रविवारी रात्री कर. पहिल्या वेळी बेचैन व्हाल, अपराधी वाटेल, बारा वाजता "आता काय?" होईल. गेल्या वर्षीचा दिवस अचानक मिळाला होता म्हणून तो तसा लाभला. मागून घेतलेला दिवस सुरुवातीला जरा अवघडच जातो. दोन-तीनदा जाऊ द्या, मग ठरवा की एकांत खरंच हवा होता की काम कमी झाल्यावर तेवढंच पुरे होतं.

ज्यांचं घर समुद्राकाठी नाही, पण ज्यांच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये गावाकडचे सगळे डॉक्टरला दाखवायला म्हणून उतरतात, किंवा ज्यांनी जांबोटीकडे चार गुंठ्यांवर खोली बांधली आणि तिचं सगळ्यांचं सहलीचं ठिकाण झालं, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. ठरलेला दिवस, घरच्या माणसाच्या तोंडून, कारण न देता.

आणि बेळगावात हे वाचणाऱ्या पाहुणे मंडळींना दोन शब्द. फोन कराल तेव्हा घरच्या बाईशी बोला. "येऊ का?" विचारल्यावर ती क्षणभर थांबली तर तोच नकार समजा, ती तोंडानं "या" च म्हणणार आहे. येताना कुंदा आणलात म्हणजे फिटलं असं नाही. रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी कारवारला राहून गेले, त्यांचे भाऊ सत्येंद्रनाथ तेव्हा इथे न्यायाधीश होते. तेही भावाच्या समुद्राकाठच्या घरी आलेले पाहुणेच. आज किनाऱ्याला त्यांचं नाव आहे. त्या दिवसांत मागे स्वयंपाकघरात कोण राबत होतं, ते कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. तुम्ही कविता नाही केलीत तरी चालेल, पण आपापल्या ताटल्या धुऊन ठेवा.

राहता राहिली नणंद. ती रुसणार, हे तुम्ही गृहीत धरलंय आणि मलाही तसंच वाटतं. तिला वेगळं समजवायला, माफी मागायला जाऊ नका. रुसली तर दिवाळीपर्यंत रुसेल, भाऊबीजेला ओवाळायला भाऊ लागतोच. डिसेंबरात नाताळची सुट्टी लागली की तिची मुलं तिला समुद्रावर घेऊन येतीलच. आल्या आल्या चहा द्या, तिच्या आवडीची खुर्ची द्या, आणि पुतण्या तोवर खवून दमला असेल, तर दुसरा नारळ तिच्या हातात द्या.